वतन आणि स्वारी

वतन हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ राहण्याचें ठिकाण, मायभूमि. मराठी कागदांत तो वंशपरंपरेच्या अधिकाराचा व त्याबद्दलच्या उत्पन्नाचा वाचक झाला. दसऱ्यास निघून पावसाळ्यापर्यंत मुलुखगिरींत असणाऱ्या, व पुढें पुढें तर वर्षानुवर्षें नर्मदेपलीकडे छावणी करणाऱ्या शिपायाचें घर कोणतें, याचें उत्तर आम्हांस या अर्थपालटांत दिसतें.

सरंजाम हा चाकरीकरितां. चाकरी सुटली कीं तो सरकारजमा होण्याजोगा. वतनाचा धनी परमुलुखीं असला तरी गुमास्ता काम चालवी, भाऊबंदांत तक्षिमा पडत, अडचणींत तें गहाण पडे, प्रसंगीं विकलेंही जाई. मिरासदार कित्येक वर्षें परागंदा राहिला तरी परतल्यावर आपलें शेत मागूं शके. उपऱ्यास ती सोय नव्हती. वाड्याच्या भिंती पडल्या तरी पोळ्यास पुढचा बैल कोणाचा, होळीस पहिली पोळी कोणाची, हें ठरलेलें असे. या मानपानाच्या तंट्यांचे महजर वाचून हसणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हसूं येत नाहीं. गांवांत नसलेल्या माणसाचें नांव गांवानें दरसाल घेण्याची ही एकच सोय होती.

१७८४ त पातशहाकडून पेशव्यांच्या नांवें वकील-इ-मुतलकी मिळविणारे महादजी शिंदे स्वतःस पाटील म्हणवीत. यांत कोणास विनय दिसला, कोणास धूर्तपणा. आम्ही तें अक्षरशः घेतों. शिंद्यांची पाटिलकी सातारा प्रांतीं कण्हेरखेडची. दिल्लीचा अधिकार आज आहे, उद्यां नाहीं. पुढें दौलतरावांनीं १८१० त ग्वाल्हेरीजवळ तळ दिला तो उठलाच नाहीं, आणि तेथें वसलेल्या शहरास लष्कर हेंच नांव राहिलें!

१९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें, १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटिलकी रद्द झाली. वतनाच्या कागदांची घरधन्यास पूर्वीची गरज उरली नाहीं. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, शिक्कामोर्तबाची सनद उचलून बाकीचा रुमाल फोडूं नये. तक्षीमपत्र, गहाणखत व महजर एकाच बांधणींत राहिले, तरच स्वारीवर गेलेल्या एखाद्या कुटुंबाचा माग लागतो.