शेवटच्या नळाचे पाणी

आमच्या गावचे पाणी सोडणारे बापू मार्चअखेर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ग्रामपंचायतीने माणूस नेमला नाही. टाकीखाली क्लोरिन सोडणारे यंत्र बसले आहे, आता माणसाची गरज काय, असे मासिक सभेत ठरले. यंत्रातले क्लोरिनचे द्रावण, म्हणजे हायपो, संपले तर आणायचे कोणी, ओतायचे कोणी, याचा ठरावात उल्लेख नाही. तो ठराव वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

गावच्या पाण्याच्या सुरुवातीच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेतल्या, हातपंप बसले. पायविहिरी बुजल्या, त्यांच्या पाण्यातून होणारा नारूचा रोग गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, एवढे एक मोठे काम त्या वर्षांचे. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे नळयोजना आली. नदीकाठी जॅकवेल, माळावर टाकी, चौकात सार्वजनिक नळ. पहिल्या पावसाबरोबर गढूळ पाणी आणि पाठोपाठ हगवणीची साथ हे ठरलेले होते. शाळेच्या वर्गात बाकांवर माणसे झोपवून सलाईन लावलेले मी पाहिले आहे. लोक त्याला हवामानाचा दोष समजत.

खरा बदल २००० नंतर झाला. त्या वर्षी राज्याने धोरणच फिरवले. योजनेची मागणी गावाने करायची, खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून उभा करायचा आणि पुढे योजना गावानेच चालवायची. आर. आर. आबा पाटलांचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्याच सुमाराचे. २००३ च्या आसपास जागतिक बँकेच्या मदतीचा जलस्वराज्य प्रकल्प आला. गरिबाकडून पाण्यासाठी वर्गणी घेणे मला तेव्हाही रुचले नव्हते, आजही रुचत नाही. पण पाणी समितीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, ही अट मात्र गावाला उपकारक ठरली. पुरुषांची चर्चा टेंडर कोणाला मिळणार यावर थांबायची. बायका विचारायच्या, पाणी किती वाजता येणार आणि ते पिऊन पोर आजारी पडणार नाही ना?

मी त्या समितीत होतो, म्हणून बापूंचे काम जवळून पाहिले. पहाटे ते टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची, पावडर मोजून प्लास्टिकच्या बादलीत कालवत. अर्धा तास तशीच ठेवत. चुन्याचा गाळ खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत सोडत, गाळ लांब नेऊन टाकत. मग पुन्हा अर्धा तास थांबून व्हॉल्व्ह फिरवत. ही थांबण्याची अर्ध्या तासाची शिस्तच जंतू मारते. घाईने पाणी सोडले तर पावडर वाया आणि पाणीही कच्चेच. त्यानंतर समितीतल्या एक काकू खालच्या आळीच्या शेवटच्या नळावर जात, नळीत पाणी घेऊन क्लोरिन तपासायच्या ओटीचे (ऑर्थोटोलिडीन) थेंब टाकत. पाणी पिवळे झाले तर वहीत सही. बिनरंगीच राहिले तर त्या तिथूनच बापूंना हाक मारत आणि गल्लीतल्या बायकांना हंडे भरू देत नसत. तपासणी शेवटच्या नळावरच करायची, हा त्यांचा हट्ट होता आणि तो शास्त्राला धरून होता. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन नळापर्यंत शिल्लक राहिला पाहिजे, असे भारतीय मानकही सांगते. टाकीपाशी पिवळा रंग दाखवणे कोणालाही जमते.

त्या काळातले सगळेच गोड नव्हते. गळक्या गटारातून मुख्य जलवाहिनी नेणारा ठेकेदार आणि त्याचे बिल मंजूर करणारे साहेब यांना मी माफ केलेले नाही. आपल्याकडे पाणी तासभर येते आणि बंद होते. बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि जिथे गळती आहे तिथून गटाराचे पाणी आत ओढतो. नळाला मोटार लावणाऱ्यांनी ही ओढ आणखी वाढवली. त्यांत गावचे प्रतिष्ठित होते, म्हणून कोणी बोलले नाही. टीसीएलही एकदा असे आले की पोत्यात नुसते दमट गठ्ठे. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरिन हवा. आमच्या पोत्याला वाससुद्धा नव्हता. त्या वर्षी पाण्याच्या पाहणीत पंचायतीला धोक्याचे लाल कार्ड मिळाले. ते फलकावर लागले तेव्हा ग्रामसभेत बसायला जागा उरली नव्हती. पुढच्या पाहणीपर्यंत पाइप गटारातून बाहेर निघाला. साधे पुठ्ठ्याचे कार्ड, पण गावाला त्याची लाज वाटत होती.

ती लाज गेली, हे माझे खरे दुःख आहे. प्रकल्प संपला तशी समिती कागदावर उरली. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशनची घोषणा झाली, माणशी ५५ लिटर पाणी, घरोघर नळ. नळ आले, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. गावातल्या पाच महिलांना तपासणी संच चालवायला शिकवायचे, हेही त्या योजनेत लिहिलेले आहे. आमच्याकडे तो संच खोक्यातून बाहेर आलेला नाही. हिशेब नळांचा होतो, नळातून काय येते याचा होत नाही. ज्यांना परवडते ते वीस लिटरचा जार घेतात आणि ग्रामसभेला येत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले. किरकटवाडी, नांदेड, धायरी ही काल-परवापर्यंत ग्रामपंचायतीची गावे. २०१७ आणि २०२१ मध्ये ती महापालिकेत गेली, पण शुद्धीकरण केंद्राचे पाणी त्यांतल्या अनेकांपर्यंत पोचले नव्हते. काही घरांतल्या नमुन्यांत क्लोरिनचा अंशही आढळला नाही. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. घाबरून लोक जारकडे वळले, तर खाजगी आरओ प्रकल्पांचे पाणीही दूषित निघाले. चालत्या पायाने दवाखान्यात गेलेली माणसे व्हेंटिलेटरवर गेली. एवढ्या मोठ्या शहराच्या कडेला हे घडते, तर आमच्या माळावरच्या टाकीकडे कोण बघणार?

पैसा नाही, हे उत्तर मला देऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. एका माणसाचा पगार आणि वर्षाचे टीसीएल त्यात बसत होते.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा. शेवटच्या नळावरची ओटीची नोंदवही मागा, तारखा बघा. वही नसेल, तर नाही असे इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याखाली सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही घेतल्याशिवाय उठू नका.