एका पोटरीची सूज

1974 च्या जून महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन पश्चिम आशियाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा शिरेच्या दाहाने त्यांचा डावा पाय सुजलेला होता. प्रवास टाळावा हा वैद्यांचा सल्ला त्यांनी मानला नाही, आणि राजीनाम्यानंतर सप्टेंबरात त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा रक्ताची गुठळी फुप्फुसात पोहोचल्याचे निष्पन्न झाले.

शिरेचा दाह त्वचेलगत झाला, म्हणजे सलाईनच्या सुईमुळे हातावर किंवा फुगलेल्या शिरांमुळे पायावर, तर लालसर, उष्ण, दोरीसारखी कठीण रेषा बोटाला लागते, ठणका असतो, आणि शेक व वेदनाशामक औषधांनी बहुधा काही आठवड्यांत तो शमतो. मात्र लाली जांघेकडे सरकू लागली तर हयगय करू नये. दाहाबरोबर स्नायूंमधील खोल शिरेत गुठळी धरली, तर धोका मोठा आणि खुणा मात्र पुष्कळदा पुसट: एकच पोटरी सुजते, जड होते, चालताना दुखते, कधीकधी काहीच जाणवत नाही. रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने ओळखली जातात. शस्त्रक्रियेनंतरचे अंथरूण, लांबचा बैठा प्रवास, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या या साऱ्यांचा या तीन कारणांशी संबंध आहे.

परंतु आपल्या घरांत ज्या अवस्थेची दखल सर्वांत आधी घ्यायला हवी ती बाळंतपणाची. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे हा धोका टिकून राहतो. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावून अंग रगडण्याचा प्रघात आहे. त्यामागची माया खरी आहे. तरीही एकाच पायाला सूज व ठणका असेल, तर ती पोटरी चोळू नये, कारण चोळण्याने गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. डॉपलर सोनोग्राफीने निदान वेदनेविना होते, आणि गुठळी सापडल्यास रक्त पातळ करणारी औषधे सामान्यतः किमान तीन महिने द्यावी लागतात. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.