जीपीएसचे संदेश आणि घरचे हवामान केंद्र

गच्चीवरच्या हवामान केंद्राला वारा, पाऊस आणि तापमान मोजता आले तरी तेवढ्यावर भागत नाही. केंद्र कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि किती वाजले आहेत, हेही त्याला नेमके कळावे लागते. स्वस्तातला जीपीएस रिसीव्हर या तिन्ही गोष्टी दर सेकंदाला सांगतो. पण तो त्या सांगतो ‘एनएमईए ०१८३’ या पद्धतीने. अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने जहाजावरच्या उपकरणांसाठी १९८३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ‘वीडब्ल्यूएक्स’ किंवा ‘क्युम्युलस’ यांसारख्या घरगुती हवामान सॉफ्टवेअरला हीच माहिती वेगळ्या मांडणीत लागते. त्यामुळे मधे एखादा छोटा प्रोग्रॅम बसवून संदेशाचे रूप बदलावे लागते.

एनएमईए संदेश म्हणजे साध्या अक्षरांची एक ओळ असते. ती डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. पुढची दोन अक्षरे माहिती कोणत्या उपग्रहमालेची आहे ते सांगतात: अमेरिकी जीपीएससाठी जीपी, भारताच्या नाविकसाठी जीआय, अनेक मालांच्या मिश्रणासाठी जीएन. त्यानंतरची तीन अक्षरे संदेशाचा प्रकार दाखवतात. ‘जीजीए’मध्ये वेळ, स्थान, उपग्रहांची संख्या आणि उंची असते, ‘आरएमसी’मध्ये वेळ, स्थान, वेग आणि तारीख. रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात. शेवटी तारांकन आणि दोन अंकी चेकसम येतो. डॉलर आणि तारांकन यांच्यामधल्या सर्व अक्षरांवर ‘एक्सॉर’ ही क्रिया करून तो काढतात. वाचलेल्या ओळीचा चेकसम जुळला नाही, तर ती ओळ टाकून द्यायची.

स्थानाचा रकाना सर्वांत फसवा असतो. धारवाडमधला रिसीव्हर अक्षांश १५२७.३००० असा देतो. त्याचा अर्थ १५ अंश २७.३ मिनिटे. सॉफ्टवेअरला दशांश अंश हवे असतील, तर मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवायचे, उत्तर १५.४५५ येते. नुसतेच दशांशचिन्ह दोन घरे डावीकडे सरकवून १५.२७३ लिहिले, तर केंद्र सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला जाते. धारवाड आणि हुबळी यांच्यातले अंतरही जवळपास तेवढेच. या भागात ही चूक लहान नाही. पश्चिमेला अळणावर-कलघटगीकडे मलेनाडचा पाऊस आणि पूर्वेला नवलगुंदकडे काळ्या मातीचा कोरडा पट्टा, असा बदल थोड्याच अंतरात होतो. उपग्रह सापडेपर्यंत हे रकाने रिकामेच येतात. रिकाम्या रकान्याला शून्य मानणारा प्रोग्रॅम केंद्राला थेट आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात नेऊन ठेवतो.

उंचीची चूक याहून महाग पडते. धारवाडमध्ये साधारण ७५० मीटर उंचीवर वायुदाब ९२६ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. इतर ठिकाणांशी तुलना करण्यासाठी सॉफ्टवेअर तो समुद्रसपाटीच्या दाबात बदलते. पण उपग्रहांवरून आधी मिळते ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची. दक्षिण भारतात सरासरी समुद्रसपाटी या गणिती पृष्ठाच्या बरीच खाली आहे. धारवाड परिसरात हा फरक सुमारे ८० मीटर भरतो. जीजीए संदेशात समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हा फरक असे दोन वेगळे रकाने असतात. गणिती उंची उचलली, तर ७५० ऐवजी ६७० मीटर धरले जातात आणि समुद्रसपाटीचा दाब सुमारे ९ हेक्टोपास्कलने कमी दिसतो. आकाश निरभ्र असताना पडद्यावर कमी दाबाचे क्षेत्र उमटते.

नकाशातून शहराची उंची उतरवून घेणेही धोक्याचे. धारवाड शहर साधारण ७५० मीटरवर असले, तरी कृषी विद्यापीठाच्या मुख्य संशोधन केंद्राची उंची ६७८ मीटर नोंदली जाते.

वेळेचा रकाना जागतिक प्रमाणवेळेत असतो. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते, पण तारीखही सोबत बदलावी लागते. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जागतिक वेळेत आदलाच दिवस चालू असतो. जीजीए संदेशात तारीख नसते. ती आरएमसीतून घ्यावी लागते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजला जातो, म्हणजे जागतिक वेळेनुसार ३ ते ३. घरच्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहायच्या असतील, तर हेच गणित सांभाळावे.

काही उपकरणांत जीपीएससोबत वारा आणि दाब मोजणारे संवेदकही असतात आणि तेही एनएमईएतच बोलतात. तिथे दाब बारमध्ये असेल तर १००० ने गुणून हेक्टोपास्कल करायचे. वेग नॉटमध्ये असेल तर १.८५२ ने गुणून ताशी किलोमीटर. ‘सिटिझन वेदर ऑब्झर्व्हर प्रोग्रॅम’ला माहिती पाठवताना गाडी उलटी फिरते: तिथे स्थान पुन्हा अंश-मिनिटांतच, तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात द्यावा लागतो. रूप बदललेला संदेश पुन्हा एनएमईए म्हणूनच पुढे पाठवायचा असेल, तर चेकसम नव्याने काढावा लागतो.

बोट किंवा गाडीवरच्या केंद्राला हे सगळे सतत करावे लागते. घरच्या स्थिर केंद्राला मात्र इतका खटाटोप नको. काही तासांच्या वाचनांची सरासरी काढून स्थान आणि उंची एकदाच सेटिंगमध्ये भरावी आणि जीपीएसकडून पुढे फक्त वेळ घ्यावी. त्यानंतर चारआठ दिवस समुद्रसपाटीचा दाब हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राशी ताडून पाहावा. फरक रोज तेवढाच येत असेल, तर दाबमापकाला दोष देण्याआधी उंचीचा आकडा तपासावा.