हत्ती बसला तरी हलणार नाही?

गाडीतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा पार्ट कोणता? आमच्या वर्गात हा प्रश्न टाकला तर उत्तरं आली - क्लच, ब्रेक, हॉर्न (हे पुण्याच्या पोरांचं!). ‘सीट’ असं कोणीच म्हणालं नाही. गाडी बंद असतानासुद्धा जो पार्ट काम करतो तो हाच. तरीपण सिलॅबसमध्ये इंजिनाला अख्खा पेपर आणि सीटला जेमतेम अर्धं पान. म्हणून म्हटलं, आपण लिहूया. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी जरा वर्कशॉपछाप वाटलं तर सांभाळून घ्या.

विषय असा: भंगारातली चांगली सीट दुसऱ्याच गाडीत बसवायची असेल तर काय पाहायचं?

हा उद्योग आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत झाला. कराडजवळच्या गावी मामांची १९९४ ची डिझेल जीप आहे. आजीचा मणक्याचा त्रास वाढल्यामुळे तिला दर पंधरा दिवसांनी त्याच जीपमधून कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. जीपच्या जुन्या सीटची पाठ जेमतेम कमरेच्या वर येणारी, डोकं टेकायला काहीच नाही. मामांनी एका छोट्या कारच्या हेडरेस्टवाल्या दोन पुढच्या सीट चार हजारांत आणल्या आणि मला म्हणाले, “तू मेकॅनिकलला आहेस ना? मग बघ आता!” गावातले मिस्त्री मात्र अगदी निवांत होते. “ताई, कायबी काळजी करू नका. चार वेल्ड मारतो, हत्ती बसला तरी हलायची नाही!”

मिस्त्रींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण अडचण अशी की, अपघातात हत्ती सीटवर बसत नाही, तो मागून धक्का देतो!

थोडं गणित (पळून जाऊ नका!)

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाऊन भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली असं धरू. ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, हे बारावीचं सूत्र लावलं की मंदन येतं सुमारे १९३, म्हणजे जवळजवळ २० g. युनायटेड नेशन्सच्या सीटविषयीच्या रेग्युलेशन १७ मध्येही हाच आकडा आहे. गाडीच्या सांगाड्याला किमान २० g मंदन ३० मिलिसेकंद दिलं तरी सीट, तिचं अँकरेज आणि तिची लॉक निकामी होता कामा नयेत.

आमची एक सीट काट्यावर १४ किलो भरली. २० g ला तिचा पुढे जाणारा जोर २८० किलोच्या वजनाइतका होतो. हा जोर जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर लागतो आणि पुढच्या-मागच्या बोल्टमध्ये अंतर आहे ३५ सेंटिमीटर. पुढच्या बोल्टभोवती मोमेंट घेतले की मागच्या दोन बोल्टवर मिळून २४० किलोची ओढ येते, आणि तीही वरच्या दिशेने!

एवढ्यावर भागत नाही. बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बकल सीटच्याच रेलला जोडलेलं असतं. ७० किलोचा माणूस २० g ला १४०० किलोचा होतो. त्यातली निम्मी ओढ बकलकडून आली तरी आणखी ७०० किलो, तेही एकाच बाजूच्या रेलवर.

थोडक्यात काय, तर रोज बसताना सीट खाली दबते, पण अपघातात ती मागून उपटली जाते. वर बसून, हलवून घेतलेली टेस्ट चुकीच्या दिशेची टेस्ट आहे. हा लेख विसरलात तरी चालेल, पण एवढं एक वाक्य लक्षात ठेवा.

बोल्ट की पत्रा?

“मग जाड बोल्ट लावू,” मामा म्हणाले. पण हिशेब केला की कळतं, बोल्ट बिचारा निर्दोष आहे. ८.८ ग्रेडच्या एम-१० बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. ग्रेडमधला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कल. गुणाकार केला तर बोल्ट तुटायला साडेचार टनांहून जास्त ओढ लागते. त्याच्याआधी हार मानतो तो खालचा पत्रा. तो वर उचलला जातो, भोक लांबट होतं आणि शेवटी नट-वॉशरसकट बोल्ट आरपार येतो. तीस वर्षं जुन्या, गंजलेल्या फ्लोअरमध्ये तर हे आणखी लवकर.

म्हणून पत्र्याच्या खालून मोठी पट्टी लावायची, म्हणजे जोर एका भोकावर न येता पसरतो. किती मोठी? रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयएच्या नियमावलीत (परिशिष्ट जे, कलम २५३) सरळ उत्तर आहे: प्रत्येक सीटला कमीत कमी ४ जागी बोल्ट, बोल्ट किमान ८ मिलिमीटरचा, खालची स्टीलची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाड आणि प्रत्येक जागी किमान ४० चौरस सेंटिमीटरचा स्पर्श. आम्ही ७५ बाय ७५ च्या, ४ मिलिमीटर जाड प्लेट कापल्या, म्हणजे ५६ चौरस सेंटिमीटर. कोपरे ग्राइंडरने गोल केले, कारण धारदार कोपरा पत्र्याला सुरीसारखा कापतो. आणि त्याआधी गंजलेला भाग कापून नवा पत्रा टाकून घेतला. कुजक्या पत्र्याखाली कितीही जाड प्लेट लावा, उपयोग शून्य!

भंगारात सीट निवडताना

पुण्याच्या जुन्या बाजारात जा किंवा मुंबईत कुर्ल्याला, सीट वरून चकाचक दिसतेच. कव्हर पाहू नका, सीट उलटी करा.

१) रेल दोन्ही बाजूंनी लॉक होते का? दांडी सोडल्यावर दोन्हीकडे ‘टक’ आवाज आला पाहिजे.

२) पाठीचा सांगाडा एका बाजूला झुकलाय का? वेल्डजवळ तडा दिसतो का? असेल तर ती सीट एक अपघात आधीच पाहून आलेली आहे.

३) फोमच्या आत बोट घाला. माती लागली, स्प्रिंग गंजलेल्या दिसल्या तर गाडी पुरातली असू शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलंय.

४) सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर हात मागे! सीटच्या कुशीत एअरबॅग किंवा बकलमध्ये प्रीटेन्शनर असू शकतो. त्यात स्फोटक चार्ज असतो. हॉस्टेलच्या सवयीप्रमाणे त्याला मल्टिमीटर लावून बघायचं नाही. सरळ दुसरी सीट शोधा.

५) बिल मागा. चोरीचा माल घरी आणायला नको.

बसवताना

छोट्या कारमध्ये बरेचदा सीटचे आतले आणि बाहेरचे पाय वेगवेगळ्या उंचीचे असतात, कारण मूळ गाडीचा फ्लोअरच तसा असतो. जीपचा फ्लोअर सपाट. म्हणजे मधे एक फ्रेम लागतेच. आम्ही ४० बाय ४० चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला. पोकळ पाइपमधून बोल्ट घालून आवळला की पाइप चेपतो आणि बोल्ट कधीच नीट टाइट राहत नाही. म्हणून भोकात नळीचा तुकडा घालून वेल्ड करायचा. ही युक्ती मिस्त्रींची, आमच्या कुठल्याच पुस्तकात मला सापडली नव्हती.

वेल्डिंग फक्त या फ्रेमवर, सीट बाजूला काढून ठेवूनच. सीटच्या मूळ रेलला वेल्ड मारायचा नाही, नवीन भोकही पाडायचं नाही. तापवल्याने तिथलं स्टील कमजोर होऊ शकतं, आणि ठिणगी फोममध्ये गेली तर वेगळीच दिवाळी!

दोन्ही रेल समांतर हव्यात. मिस्त्रींनी एक सुतळी घेतली आणि चार भोकांचे दोन कर्ण मोजले. दोन्ही सारखे आले की काम झालं. रेल तिरक्या बसल्या तर एका बाजूची लॉक अर्धवटच अडकते, बसणाऱ्याला कळतही नाही. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, मगच आवळा.

ड्रिल मारण्याआधी गाडीखाली झोपून बघा. ब्रेकचा पाइप, वायरिंग कुठून गेलंय ते पाहा. विलीजच्या वंशातल्या काही जुन्या जीपमध्ये डिझेल-पेट्रोलची टाकीच ड्रायव्हरच्या सीटखाली असते!

उंची ठरवताना आम्ही विटांवर सीट ठेवून मामांना बसवलं. क्लच पूर्ण दाबताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि डोकं हुडाच्या पाइपपासून लांब. मऊ सीट उंच बसली की बरं वाटतं, पण खड्ड्यात डोकं आपटतं.

बेल्टचं काय?

जुना बेल्ट सीटबरोबर फुकट मिळाला तरी घेऊ नका. उन्हाने पट्टा कमजोर होतो आणि अपघातात एकदा ताणला गेलेला बेल्ट पुन्हा तेवढं काम देत नाही. नवीन घ्या. बेल्टचा बोल्ट बहुतेक वेळा ७/१६ इंची, यूएनएफ आट्यांचा असतो. त्याच्या नटमध्ये एम-१२ ठोकून बसवू नका.

आमची जीप हुडवाली, म्हणजे खांद्याचा पट्टा बांधायला बाजूला खांबच नाही. काही जण तो पट्टा खांद्यावरून मागे फ्लोअरला बांधतात. हे फार धोकादायक, कारण धक्क्याला पट्टा खांदे खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. आजीच्या बाबतीत तर विचारच नको. वरचा अँकर खांद्याच्या उंचीला किंवा थोडा वर हवा, त्यासाठी नीट डिझाइन केलेला रोलबार लागतो. तोपर्यंत कमरेचा पट्टा. शिवाय सीट बॉडीला आणि बेल्ट चॅसीला असं करू नका. धक्क्याला बॉडी चॅसीवरून सरकली तर मधे माणूस आवळला जातो. दोन्ही एकाच भागाला बांधलेले हवेत.

आणि कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. त्यामुळे सीटची संख्या वाढवणं हा विचार डोक्यातून काढा. संख्या तीच ठेवली तरी आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते, तेव्हा गाडी तपासली जाते. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते: आमचं हे काम हिशेबाने केलेलं आहे, पण कारखान्यातली सीट जशी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत मशीनवर ओढून तपासली जाते तशी ही तपासलेली नाही. म्हणून मामांना सांगून ठेवलंय की पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा बघायचे आणि जीप सावकाशच चालवायची.

खर्च विचाराल तर सीट चार हजार, प्लेट-पाइप-बोल्ट बाराशे, नवे बेल्ट अठराशे, वेल्डिंग हजार. एकूण आठ हजार. आजी आता डोकं टेकून बसते. मिस्त्रींनीही परवा दुसऱ्या एका जीपखाली न सांगता प्लेट लावल्याचं मामा फोनवर सांगत होते. मला इंटर्नल्सच्या मार्कांपेक्षा त्याचाच जास्त आनंद झाला!

तर मंडळी, पुढच्या सुट्टीत गावी जाताना वडापच्या जीपमध्ये बसलात, किंवा आपल्या वर्कशॉपमध्ये कोणी बग्गीला सीट लावताना दिसलं, तर “हलते का?” एवढंच विचारू नका. खाली वाका आणि मागच्या दोन बोल्टखाली काय आहे ते बघा.