सूट, तहकुबी आणि तुळजापूरचा हंगाम : साथीच्या काळातील घरमालकीचा प्रश्न

महसुली मराठीत 'सूट' आणि 'तहकुबी' हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. वसुली पुढे ढकलणे म्हणजे तहकुबी. देणेच रद्द करणे म्हणजे सूट. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील शेतकऱ्यास हा भेद कोशात पाहावा लागत नाही. तहकूब झालेला सारा पुढे केव्हातरी द्यावाच लागतो, सुटलेला द्यावा लागत नाही, हे तो अनुभवाने जाणतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत घरभाड्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मात्र हाच भेद व्यवहारात पुसट झाला. भाडे पुढे ढकलले म्हणजे ते माफ झाले, असा अर्थ अनेक भाडेकऱ्यांनी घेतला. आणि भाडे माफ झालेले नाही, म्हणजे ते मिळणारच, असे अनेक मालकांनी गृहीत धरले. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. त्या चुकीच्या का ठरल्या, हे तुळजापूरच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

तुळजापुरात 'घरमालक' हा शब्द निदान तीन प्रकारच्या लोकांना लागू पडतो. पहिला, कुंकू, बांगड्या, प्रसाद विकणाऱ्यांना गाळा भाड्याने देणारा. दुसरा, यात्रेकरूंसाठी कर्ज काढून खोल्या बांधणारा. आजच्या भाषेत गुंतवणूकदार. तिसरा, भाविकांना आपल्याच घरी उतरवून घेणारा पुजारी. या तिसऱ्याच्या बाबतीत भाषाच वेगळी होते. सामान्य व्यवहारात यजमान म्हणजे घरधनी. क्षेत्राच्या गावी यजमान म्हणजे पुजाऱ्याकडे येणारा भाविक. तो जे देतो त्यास भाडे म्हणत नाहीत, ती दक्षिणा असते. अर्थातच 'भाडे' या शब्दावर आधारलेली कोणतीही शासकीय सूचना या मालकापर्यंत पोहोचत नाही, त्यास बांधतही नाही आणि तारतही नाही.

या तिघांचे उत्पन्न एकाच उगमाचे आहे, आणि ते महिन्यांनी येत नाही, तिथींनी येते. चैत्री पौर्णिमा आणि आश्विनातील नवरात्र ही त्यातील मोठी पर्वे होत. मार्च २०२० मध्ये श्री तुळजाभवानी मंदिर दर्शनासाठी बंद झाले. ते १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले. एप्रिल २०२१ मध्ये राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. आता तिथी लावून पाहाव्यात. २०२० ची चैत्री पौर्णिमा ८ एप्रिलला होती, २०२१ ची २७ एप्रिलला; दोन्ही बंदीत गेल्या. २०२० चे नवरात्र १७ ऑक्टोबरला सुरू झाले. ते आणि त्यामागोमाग येणारी आश्विनी पौर्णिमा, हीही भाविकांविना गेली. बंदीचे महिने मोजले तर सुमारे चौदा भरतात. पण गेलेल्या पर्वांकडे पाहिले तर दोन वर्षांच्या कमाईचा बहुतेक भाग गेला, असे म्हणावे लागते.

या काळात शासनाने आणि अन्य यंत्रणांनी जे उपाय योजले, त्यांची 'सूट' व 'तहकुबी' या दोन सदरांत विभागणी केल्यास चित्र स्पष्ट होते. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने, स्थलांतरितांसह सर्व कामगारांकडून मालकांनी एक महिना भाडे मागू नये असा आदेश काढला. ते भाडे नंतर द्यावयाचे की नाही, याविषयी संदिग्धता राहिली. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकबाकीसाठी कोणास घराबाहेर काढू नये, अशी सूचना दिली. ही तहकुबी होय. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत स्थगिती देण्याची मुभा बँकांना दिली. व्याज मात्र चढतच राहिले. म्हणजे हीही तहकुबीच, आणि सव्याज. दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढीचा फरक पुढे परत मिळाला, एवढाच त्यातील सुटीचा अंश. बांधकाम प्रकल्पांना महारेराने मे २०२० मध्ये सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात तीन टक्क्यांनी आणि पुढील तीन महिने दोन टक्क्यांनी कमी झाले. ही खरी सूट, पण ती मालमत्ता विकत घेणारास होती, भाड्याने देणारास नव्हे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. या सर्व तहकुब्या महिन्यांच्या मापाने दिलेल्या होत्या. भाड्याची तहकुबी जुलैच्या सुमारास सरली. हप्त्यांची ३१ ऑगस्टला. तुळजापूरचे मंदिर त्यानंतर अडीच महिन्यांनी उघडले, आणि मधल्या काळात वर्षाचे नवरात्र येऊन गेले. ज्याने खोल्या बांधण्यास कर्ज काढले होते, त्याचा हप्ता सप्टेंबरात सुरू झाला. तो ज्या हंगामातून भरावयाचा, तो हंगाम आलाच नाही. गाळ्याचा भाडेकरू थकबाकी देऊ शकला नाही, यात त्याची लबाडी शोधण्याचे कारण नाही. त्याची आणि मालकाची मिळकत एकाच महाद्वारातून येत होती. नगरपरिषदेची घरपट्टी तर घराच्या मूल्यावर आकारली जाते, यात्रेकरूंच्या संख्येवर नव्हे.

मालकापुढे कायद्याचा मार्ग होता. पण तो लांबचा होता. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा चालत असे. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याच्या कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. आणि दाव्याचे समन्स पोहोचल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याजासह भरली, तर ताबा मिळत नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तोंडी बोलीवर गाळा देणाऱ्या लहान मालकाची बाजू येथेच लंगडी पडते. उलटपक्षी, जागेचा ताबा ठेवून केवळ टाळेबंदीच्या कारणाने भाडे थांबविता येत नाही, करारात तशी तरतूद असावी लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० रोजी म्हटले.

या अडचणीचे मूळ साथीच्या स्वरूपातही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा दाट वस्तीचे, अंधारे घर हेच रोगाचे ठाणे मानले गेले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन वस्त्या पाडण्यात आल्या, आणि घर जाणे ही मालकाची विपत्ती ठरली. २०२० मध्ये घर हे रोगापासूनचे संरक्षण मानले गेले. म्हणून कोणास बाहेर काढू नये, हा नियम आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होता. परंतु त्यामुळे खाजगी घर सार्वजनिक आरोग्याचे साधन बनले, आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा हे ठरले नाही.

शेतीच्या बाबतीत ते पूर्वीच ठरलेले होते. मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कुळकायद्यातील कलम १३ प्रमाणे, जमिनीचा सारा तहकूब झाला तर मालकाने कुळाचा खंड तहकूब करावयाचा, आणि सारा सुटला तर खंडही सोडावयाचा. शिवाय पिकाची स्थिती आणेवारीने, पुढे पैसेवारीने, हंगामवार मोजली जाई. तेथे दोन तत्त्वे होती : सवलत वरच्या दुव्यापासून खालच्यापर्यंत एकाच प्रमाणात उतरावी, आणि तिचे माप हंगाम हे असावे. घरभाड्याच्या बाबतीत २०२० मध्ये या दोहोंपैकी एकही नव्हते. भाडे, हप्ता आणि घरपट्टी यांच्या मुदती तीन निरनिराळ्या ठिकाणी ठरल्या, आणि मंदिर उघडण्याच्या दिवसाशी त्यांपैकी एकीचाही संबंध नव्हता.

पुढील साथीचा विचार करताना क्षेत्राच्या गावांसाठी निदान एवढे करता येण्यासारखे आहे : बंदीचा आदेश ज्या दिवशी उठेल, त्यानंतरचे पहिले मोठे पर्व पार पडेपर्यंत तिन्ही देण्यांची तहकुबी एकत्र चालावी, आणि जे पर्व बंदीत बुडाले, त्याच्या प्रमाणात सूट मिळावी. त्याचबरोबर भाड्याच्या करारात 'पुढे ढकलणे' आणि 'माफ करणे' हे शब्द वेगवेगळ्या कलमांत, वेगवेगळ्या अटींसह लिहिले जावेत.