ऐकिडो की ताई-ची? तालमीतल्या मंडळींसाठी

जळकोटच्या पोरांना कुस्ती कळते, म्हणून तिथूनच सुरू करतो. समोरचा जोरात अंगावर आला की धोबीपछाड टाकणारा पैलवान त्याचाच जोर वापरतो. ऐकिडो आणि ताई-ची या युद्धकलांचा पाया हाच. सराव मात्र फार वेगळा.

ऐकिडो जपानच्या मोरिहेई उएशिबांनी (1883–1969) घडवली. इथे जोडीदार लागतोच. तो मनगट धरतो, तुम्ही त्याच्या वाटेतून सरकून, वळून त्याला खाली आणता. म्हणून आधी नीट पडायला शिकायचं. बहुतेक शाळांत स्पर्धा नाहीत. हल्लेखोरालाही इजा होऊ नये, हा उएशिबांचा आग्रह. (आपल्या फडात हे कुणाला पटेल?)

ताई-ची चीनच्या हेनान प्रांतातली. मागे यिन-यांगचा, म्हणजे एकमेकांना पूरक अशा दोन विरुद्ध बाजूंचा, विचार. सराव बहुतेक एकट्यानं, संथ, गुडघे किंचित वाकवून. 1956 साली केलेला 24 हालचालींचा सोपा क्रम आजोबांनाही जमतो. पण ‘पुश हँड्स’मध्ये हाताला हात लावून समोरच्याचा तोल चाचपायचा असतो. मला तर ती थेट आपली खडाखडी वाटते!

गावात शिक्षक नसेल तर हा 24चा क्रम व्हिडिओ पाहून सुरू करा. ऐकिडो मात्र तसं नको, मनगटाचे सांधे जातील.