जुन्या लेगोची पारख

जुन्या लेगोचा ढीग चाळताना बहुतेक जण आधी रंग पाहतात, आणि तिथेच फसतात. पिवळट पडलेला पांढरा ठोकळा कित्येकदा ठणठणीत असतो; दिसायला चकचकीत तपकिरी मात्र दाबताच कडकन तुटतो. काही वर्षांतले तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात, हे संग्राहकांना चांगलेच माहीत आहे.

लेगोची सगळी मदार पकडीवर. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने 1958 मध्ये पेटंट घेतलेल्या ठोकळ्यावर आजचा ठोकळाही बसतो. म्हणून नातेवाइकाने परदेशातून आणलेली पिशवी असो की ओएलएक्सवरची जाहिरात, पाहायला जाताना एक चांगला ठोकळा खिशात टाकावा. जुना त्यावर दाबून बसवावा, उलटा धरून हलका झटका द्यावा. गळून पडला तर तो भिंत बांधायच्या कामाचा नाही. मग कडा उजेडात फिरवून पाहाव्यात. कोपऱ्यातला केसाएवढा तडा आणि दातांचे व्रण तिथेच सापडतात. घट्ट बसलेले तुकडे मुले दातांनी सोडवतात, त्याला इलाज नाही. वरच्या गोल उंचवट्यांवर बारीक अक्षरात कंपनीचे नाव असते. ते नसेल तर माल बहुधा दुसऱ्याच कोणाचा.

1963 च्या आधीचे ठोकळे सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि त्यातले बरेच वाकून गेलेले दिसतात. ते संग्राहकाने हौसेने ठेवावेत, खेळायला घेऊ नयेत. त्यानंतर एबीएस प्लास्टिक आले.

धुण्याचे काम त्या मानाने सोपे, पण वेळखाऊ. आधी स्टिकर लावलेले तुकडे, चंदेरी मुलामा असलेले भाग, मोटारी आणि बॅटरीचे डबे बाजूला काढायचे. उरलेले कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवायचे. पाणी 40 अंश सेल्सिअसच्या वर नको, असे कंपनीच सांगते. वॉशिंग मशीन आणि हेअर ड्रायरलाही तिचा नकार आहे. खरी घाण असते खालच्या पोकळीत: केस, धुळीचा लगदा, क्वचित वाळलेला बिस्किटाचा चुरा. जुना मऊ टूथब्रश तिथे पोचतो. नंतर पंचावर पसरून पंख्याखाली सुकवावेत. पावसाळ्यात ओले तुकडे डब्यात बंद केले की कुबट वास लागलाच.

पिवळेपणाचे काय? उन्हातल्या अतिनील किरणांनी एबीएसमधला ब्युटाडाइनचा भाग ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि पांढरे, करडे, निळे ठोकळे मळकट पिवळसर होतात. दुसरा ठोकळा वर बसलेली जागा तेवढी मूळ रंगाची राहते, म्हणून कधी कधी जुन्या घराचा अख्खा आराखडा एकाच तुकड्यावर वाचता येतो. हौशी मंडळी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात आणि रंग उजळतोही. पण पोकळीत हवा अडकलेला ठोकळा तरंगला तर दोन छटांचा होतो, आणि काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो. वापरताना हातमोजे हवेतच. या उपायाने पकड मात्र सुधारत नाही, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एक सूचना आरोग्याची. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी 2018 मध्ये जवळपास 200 वापरलेल्या प्लास्टिक खेळण्यांची तपासणी प्रसिद्ध केली. अनेकांत कॅडमियम आणि शिसे यांसारखी घातक मूलद्रव्ये आढळली, विशेषतः पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगांत. त्यात जुने बांधणीचे ठोकळेही होते. त्यामुळे 1970-80 च्या दशकांतले लाल-पिवळे ठोकळे कितीही स्वच्छ धुतले, तरी जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याच्या हातात देऊ नका.